व्हीटीपी चालू करावं का? २२ स्विच आहेत, नव्या ब्लॉकचे अजून ६ येणार

पेडण्याची_नेटवर्कवाली

नमस्कार मंडळी. उत्तर गोव्यात किनाऱ्याला लागून असलेल्या एका रिसॉर्टचं नेटवर्क मी सांभाळते. आयटीत आम्ही दोघंच. सहकारी बिलिंगची मशीनं, प्रिंटर आणि खोल्यांतले टीव्ही बघतो; स्विच, वायफाय आणि कॅमेरे माझ्याकडे.

आज २२ स्विच आहेत, सगळे सिस्कोचे. कोअरला (मधल्या मुख्य स्विचच्या जागी) कॅटॅलिस्ट ३८५०, ब्लॉकांमध्ये २९६०-एक्स, आणि लाँड्री व स्पाच्या बाजूला अजून दोन जुने २९५० चालू आहेत. व्हीलॅन (त्याच स्विचांवर एकमेकांपासून वेगळी ठेवलेली नेटवर्कं) असे: १० ऑफिस, २० बिलिंग, ३० कॅमेरे, ४० गेस्ट वायफाय, ५० टीव्ही, ६० दारांची कुलुपं, ९९ मॅनेजमेंट. बागेपलीकडे नवा ब्लॉक उभा राहतोय. तिथे ६ स्विच लागतील आणि दोन नवे व्हीलॅन येतील, ७० इंटरकॉमला आणि ७५ स्टाफ वायफायला. ऑक्टोबरपासून बुकिंग असल्यामुळे मालकांना चवथ झाली की ब्लॉक तयार हवाय.

आता अडचण. नवा व्हीलॅन आला की मी एकेका स्विचवर लॉगिन करून तेच तेच टाइप करते. नंबर, नाव, बाहेर, सेव्ह, मग पुढचा स्विच. आता हे २८ ठिकाणी करायचं. शिकताना व्हीटीपी (व्हीलॅन ट्रंकिंग प्रोटोकॉल) वाचलं होतं: एका स्विचवर व्हीलॅन टाकला की ट्रंकवरून (दोन स्विचमधल्या, अनेक व्हीलॅन नेणाऱ्या जोडणीवरून) बाकीच्या सगळ्यांना कळतो. ही सोय स्विचमध्येच आहे, तर तिला इतके जण हात का लावत नाहीत? नेटवर्क बसवून देणाऱ्या व्हेंडरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘आपल्याकडे व्हीटीपी वापरात नाही, त्याच्या फंदात पडू नका.’ कारण सांगितलं नाही. मला कारण हवंय, कारण उद्या मालकांनी विचारलं तर मला ते पटवून देता आलं पाहिजे.

आणखी दोन गोष्टी. नव्या ब्लॉकसाठी दुसऱ्या कंपनीचे स्वस्त स्विच घ्यावेत असा एक विचार चाललाय. आणि जुन्या रिसेप्शनमधून काढलेला एक २९५० स्टोअरमध्ये पडून आहे, तो काम चालू असेपर्यंत पंपहाउसच्या कॅमेऱ्यांसाठी लावणार आहे. या दोन्हींचा व्हीटीपीशी काही संबंध येतो का?

काणकोण_कन्सोल

व्हीटीपी नको. सगळे स्विच ट्रान्सपरंट मोडला टाका, म्हणजे कोणी दुसऱ्याचे व्हीलॅन घेणार नाही. २८ स्विच म्हणजे फार नाहीत, कमांड नोटपॅडमध्ये लिहून ठेवा आणि एकेका ठिकाणी पेस्ट करा. दुसऱ्या कंपनीचे स्विच आले तर हा विषय आपसूकच मिटेल, व्हीटीपी सिस्कोचं स्वतःचं आहे.

फोंडा_फायबर

ताई, वरचा सल्ला चुकीचा नाही. पण तुम्ही कारण विचारलंय, म्हणून सविस्तर लिहितो. हॉटेलं, शाळा-कॉलेजं, दोन-तीन कारखाने अशा ठिकाणी नेटवर्क लावायचं आणि बिघडलं की दुरुस्त करायचं हाच माझा धंदा, आणि हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

व्हीटीपीचं काम चालतं कसं ते आधी बघू. प्रत्येक स्विचकडे व्हीलॅनची एक यादी असते आणि त्या यादीला एक रिव्हिजन नंबर. सर्व्हर मोडमधल्या (जिथे व्हीलॅन बदलता येतात त्या) स्विचवर व्हीलॅन टाकला, काढला किंवा नाव बदललं की नंबर एकाने वाढतो. बदल झाला की लगेच, आणि बदल नसला तरी दर ३०० सेकंदांनी, स्विच ट्रंकवरून सांगत राहतो: माझं डोमेन (स्विचांच्या गटाचं नाव) हे, माझा नंबर हा. ऐकणाऱ्याचं डोमेन तेच असेल, पासवर्ड जुळत असेल आणि आलेला नंबर स्वतःच्या नंबरापेक्षा मोठा असेल, तर तो आपली यादी टाकून देतो आणि आलेली घेतो. दोन याद्या एकत्र करत नाही. जुनी जाते, नवी येते.

आता यात काय नाही ते बघा. यादी कोणाकडून आली, ती खरी आहे का, कधी बनवलेली आहे, यातलं काहीही व्हर्जन १ आणि २ तपासत नाहीत. फक्त नंबर मोठा हवा. पाठवणारा क्लायंट मोडमध्ये असला तरी चालतं. क्लायंट फक्त ऐकतो, असं पुष्कळ लोक धरून चालतात, पण क्लायंटचा नंबर मोठा असेल तर सर्व्हरसुद्धा त्याचं ऐकतो.

हे प्रत्यक्षात कसं घडतं ते सांगतो. दक्षिण गोव्यातलं एक हॉटेल, नाव नको. परतीच्या पावसात वीज कोसळली आणि बँक्वेट हॉलचा स्विच गेला. संध्याकाळी हॉलमध्ये रिसेप्शन होतं. देखभालीच्या माणसाने स्टोअरमधला जुना स्विच काढून लावला, दिवे लागले, तो निघून गेला. थोड्याच वेळात बिलिंग बंद, मग कॅमेरे, मग दारांची कार्डं चालेनात. त्या जुन्या स्विचचा नंबर मोठा होता, कारण त्याच्यावर कोणीतरी पूर्वी सराव केला होता: व्हीलॅन टाक, काढ, टाक, काढ. डोमेन तेच होतं, पासवर्ड कुठेच नव्हता.

मला बोलावलं तेव्हा कोअरवर ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ दिलं. व्हीलॅन १, नेहमीचे १००२ ते १००५ आणि ‘टेस्ट’ नावाचे दोन, बस. हॉटेलचा एकही व्हीलॅन नाही. आणि जे बघून माणूस गोंधळतो ते हे: ज्या पोर्टांना व्हीलॅन ३० दिला होता ते पोर्ट त्या यादीत कुठेच दिसत नाहीत. व्हीलॅन १ मध्येही नाहीत. पोर्टचं ‘स्विचपोर्ट’ आउटपुट काढलं तर ‘अ‍ॅक्सेस मोड व्हीलॅन: ३०’ आणि पुढे कंसात ‘इनअ‍ॅक्टिव्ह’. कोअरवरचे व्हीलॅन इंटरफेस बसलेले, म्हणजे गेटवेही (व्हीलॅनमधून बाहेर जायच्या वाटा) गेले. घाबरून तिथल्या मंडळींनी जुना स्विच उपटला होता आणि कोअर बंद करून चालूही केला होता. त्याचा उपयोग नव्हता. नवी यादी कोअरने फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन डॉट डॅट’ फाइलमध्ये लिहूनही टाकली होती. उपाय एकच, तेच व्हीलॅन त्याच नंबरांनी पुन्हा टाकणं. ते टाकताच पोर्ट आपसूक जागे झाले, कारण कोणता पोर्ट कोणत्या व्हीलॅनचा हे ज्या त्या स्विचच्या कॉन्फिगमध्ये असतं, त्याला व्हीटीपीने हात लावलेला नव्हता. व्हीलॅनचे नंबर कुठेतरी कागदावर लिहिलेले असते तर काम पाच मिनिटांचं होतं. ते नव्हते. एकेका स्विचच्या पोर्टांवरून नंबर गोळा करावे लागले आणि तोवर रिसेप्शनच्या पाहुण्यांची बिलं हाताने लिहिली गेली.

आता याच मुद्द्यावर तुमचं २८ ठिकाणचं टायपिंग येतं. व्हीटीपी पोर्ट नेमून देत नाही. ते फक्त सांगतं की ‘७५ नावाचा व्हीलॅन आहे’. नव्या ब्लॉकमध्ये सातव्या पोर्टवर इंटरकॉम आणि आठव्यावर अ‍ॅक्सेस पॉइंट, हे तुम्हाला तसंही प्रत्येक स्विचवर जाऊन सांगावं लागणार. ट्रंकवर कोणते व्हीलॅन जाऊ द्यायचे ती यादीही व्हीटीपी बदलत नाही. तुम्ही ती मर्यादित ठेवली असेल, आणि ठेवावीच, तर नवा व्हीलॅन स्विचपर्यंत पोहोचलेला दिसेल पण त्याचा डेटा ट्रंकवर अडेल. म्हणजे २८ ठिकाणच्या कामातला जो भाग व्हीटीपी वाचवतं तो सगळ्यात सोपा, दोन ओळींचा भाग आहे. वेळ जातो तो पोर्ट आणि ट्रंकमध्ये. तिथे व्हीटीपीची मदत शून्य. म्हणून माझं ठाम मत: तुमच्याएवढ्या नेटवर्कला व्हर्जन १ किंवा २ चालवण्यात फायदा थोडा आणि धोका सगळ्या रिसॉर्टचा.

ट्रंकच्या यादीवरून आठवलं म्हणून इथेच सांगतो. व्हीलॅन ७५ वाढवताना कमांडमध्ये ‘अ‍ॅलाउड व्हीलॅन’ नंतर ‘अ‍ॅड’ हा शब्द हवाच. तो राहिला तर जुनी यादी पुसली जाते आणि ट्रंकवर एकटा ७५ उरतो. अपलिंकवर (कोअरकडे जाणाऱ्या जोडणीवर) हे झालं तर मॅनेजमेंटचा ९९ पण गेला, म्हणजे ज्या स्विचवर तुम्ही काम करताय तिथूनच तुम्ही बाहेर फेकल्या जाता आणि कन्सोल केबल घेऊन त्या ब्लॉकपर्यंत चालत जावं लागतं.

ट्रान्सपरंट मोडचा एक फायदा फार कोणी सांगत नाही, आणि आपल्याकडे तो महत्त्वाचा आहे. सर्व्हर मोडमध्ये व्हीलॅनची यादी रनिंग-कॉन्फिगमध्ये (स्विचच्या चालू सेटिंगमध्ये) दिसत नाही, ती त्या ‘डॅट’ फाइलमध्ये असते. तुम्ही कॉन्फिगचा बॅकअप घेता, वीज पडून स्विच जातो, नव्या स्विचवर बॅकअप चढवता आणि व्हीलॅन गायब! ट्रान्सपरंटमध्ये व्हीलॅन कॉन्फिगमध्येच लिहिलेले असतात, बॅकअपबरोबर येतात. मे महिन्यातल्या आणि परतीच्या पावसातल्या विजा, वरून खारा वारा, त्यामुळे किनाऱ्यावर स्विच बदलण्याची वेळ वारंवार येते. तेव्हा ही गोष्ट खूप कामाची.

स्टोअरमधल्या २९५० चं मात्र आधी बघा. तो कुठेही लावण्यापूर्वी, एकही केबल न जोडता, नुसती पॉवर आणि कन्सोल देऊन ‘शो व्हीटीपी स्टेटस’ काढा. तेच कोअरवरही काढा. दोन्हींतलं डोमेन, मोड आणि कॉन्फिगरेशन रिव्हिजन इथे टाका. व्हेंडर म्हणाला म्हणून व्हीटीपी वापरात नाही असं धरू नका. जुन्या कॅटॅलिस्टवर ते कारखान्यातून येतानाच सर्व्हर मोडमध्ये असतं.

वेर्णा_शिफ्ट_बी

फोंडाबाब, तुमचा अनुभव खरा आहे, पण तुम्ही जे सांगितलंत ते व्हर्जन १ आणि २ चं. व्हर्जन ३ बद्दल कोणी बोललंच नाही, ते राहून जाऊ नये म्हणून लिहिते.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या प्लांटमध्ये साठेक स्विच आहेत आणि सगळीकडे व्हर्जन ३ चालतं. त्यात एकच प्रायमरी सर्व्हर असतो आणि व्हीलॅन बदलायचा अधिकार त्याचाच. बाकीचे सर्व्हर मोडमध्ये असले तरी सेकंडरी. बाहेरून मोठ्या नंबरचा स्विच आणून लावला तर त्याची यादी आमचे स्विच घेत नाहीत, कारण ते आधी बघतात की ही यादी आपल्याच प्रायमरीची आहे का. व्हर्जन १ किंवा २ वर चालणाऱ्या शेजाऱ्याकडूनही व्हर्जन ३ चा स्विच यादी स्वीकारत नाही. हॉटेलात जे झालं ते इथे होत नाही.

प्रायमरी करण्याची ‘व्हीटीपी प्रायमरी’ ही कमांड कॉन्फिग मोडमध्ये नाही, त्याच्या बाहेर, साध्या एनेबल मोडमध्ये द्यायची असते. ती कॉन्फिगमध्ये सेव्ह होत नाही. स्विच रीबूट झाला की प्रायमरीपण जातं. नवीन माणूस इथे घाबरतो, पण ही उलट चांगली गोष्ट आहे. व्हीलॅन आहेत तसे चालत राहतात, फक्त पुढचा बदल करायच्या आधी कोणीतरी जाणूनबुजून प्रायमरी व्हावं लागतं. पासवर्ड ‘हिडन’ ठेवला तर प्रायमरी होताना तो द्यावा लागतो, आणि तो कॉन्फिगमध्ये वाचताही येत नाही.

शिवाय व्हर्जन १ आणि २ फक्त १००५ पर्यंतचे व्हीलॅन नेतात, ३ मध्ये ४०९४ पर्यंत जातात. एमएसटी स्पॅनिंग ट्रीचं (स्विचांच्या जोडण्यांत वेटोळं होऊ न देणाऱ्या व्यवस्थेचं) कॉन्फिगही त्याच वाटेने पाठवता येतं. आमच्याकडे साठ ठिकाणी एमएसटीची जुळणी हाताने सारखी ठेवणं म्हणजे चूक ठरलेलीच होती.

ताई, तुमचे ३८५० आणि २९६०-एक्स दोघांनाही व्हर्जन ३ येतं. अडचण २९५० ची. ते २ च्या वर जात नाहीत. त्यांच्या बाजूच्या ट्रंकवर व्हर्जन ३ चा स्विच व्हर्जन २ च्या भाषेत बोलतो, त्यामुळे चालेल, पण मी तुमच्या जागी असते तर आधी ते दोन बदलून घेतले असते. आणि हो, डोमेन प्रत्येक स्विचवर आपण लिहायचं. व्हर्जन १ आणि २ मध्ये डोमेन रिकामं असलेला स्विच जे पहिलं डोमेन ऐकतो तेच घेतो, तसं ३ मध्ये होत नाही.

पेडण्याची_नेटवर्कवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नीट कोणी कधी सांगितलं नव्हतं.

सांगितल्याप्रमाणे आउटपुट काढलं. कोअरवर मोड सर्व्हर, व्हर्जन १, रिव्हिजन १४, डोमेनला रिसॉर्टचं नाव, पासवर्ड नाही. २९६०-एक्स सगळे ट्रान्सपरंट, रिव्हिजन ०. चालू असलेले दोन २९५० पण ट्रान्सपरंट. आणि स्टोअरमधला २९५०, केबल न लावता बघितला: मोड सर्व्हर, डोमेन तेच, अगदी अक्षरं न् अक्षर, रिव्हिजन ६१. त्याच्यावर व्हीलॅन १० आणि २० आहेत, ३० च्या पुढचे नाहीत. तो काढला तेव्हा कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनवर नव्हते.

म्हणजे तो पंपहाउसला लावला असता तर? पंपहाउसचा स्विच कोअरला सरळ जोडलेला नसता, मधे स्पाचा ट्रान्सपरंट स्विच आहे. मधल्या स्विचने अडवलं असतं ना? आणि मी ट्रंक बनवणारही नव्हते, तिथे नुसते चार कॅमेरे आहेत.

फोंडा_फायबर

ताई, बरं झालं आधी बघितलंत. नाही, मधल्या स्विचने अडवलं नसतं. ट्रान्सपरंट स्विच आपली यादी बदलत नाही, पण व्हीटीपीचे निरोप आपल्या दुसऱ्या ट्रंकवरून पुढे देतो. व्हर्जन १ मध्ये डोमेन जुळलं तरच देतो, आणि इथे ते जुळतंय. निरोप कोअरपर्यंत गेला असता, ६१ हा १४ पेक्षा मोठा, आणि कोअरवरून ३०, ४०, ५०, ६०, ९९ गेले असते. ब्लॉकांमधले स्विच ट्रान्सपरंट असल्यामुळे त्यांच्यावर ते दिसत राहिले असते. मग शोधणाऱ्याचे सगळ्यात जास्त हाल: ब्लॉकमध्ये सगळं ठीक दिसतं, पण गेटवेच नाही.

‘ट्रंक बनवणार नव्हते’ हा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. २९५० चे पोर्ट मुळात ‘डायनॅमिक डिझायरेबल’ असतात, म्हणजे समोरच्याला स्वतःहून विचारतात, ट्रंक करूया का? २९६० चे मुळात ‘डायनॅमिक ऑटो’, म्हणजे विचारलं तर हो म्हणतात. दोघांना कोणी काही सांगितलेलं नसेल तर केबल लावताच ट्रंक तयार होते, तुम्ही एक अक्षर टाइप न करता. डोमेन वेगळं असतं तर ही बोलणी तिथेच फिसकटली असती, कारण डीटीपी (ट्रंकची ही बोलणी करणारा प्रोटोकॉल) डोमेन बघतं. तुमचं डोमेन तेच आहे.

म्हणून पुढचं काम असं करा. आधी कोअर ट्रान्सपरंट करा. सर्व्हरवरून ट्रान्सपरंट केल्याने व्हीलॅन जात नाहीत, ते रनिंग-कॉन्फिगमध्ये उतरतात. तरी आधी ‘शो व्हीलॅन’ची प्रत काढून ठेवा आणि दुपारी चेक-आउट उरकल्यावर करा. सेव्ह करा. एवढं झालं की स्टोअरमधला स्विच कोअरला काही करू शकत नाही.

मग स्टोअरमधला स्विच धुवून काढा. इथे एक फसगत आहे: स्टार्टअप-कॉन्फिग पुसून रीलोड केलं की स्विच कोरा झाला असं वाटतं, पण डोमेन, नंबर आणि व्हीलॅन ‘व्हीलॅन डॉट डॅट’मध्ये शाबूत असतात. फ्लॅशमधली ती फाइल वेगळी डिलीट करा, मग रीलोड, मग ट्रान्सपरंट, मग पुन्हा स्टेटस. रिव्हिजन ० दिसल्याशिवाय केबल नाही. स्टोअरमधल्या प्रत्येक स्विचला हे करून वर तारखेची चिठ्ठी चिकटवा. वीज पडेल तेव्हा तुम्ही रजेवर असाल आणि तो स्विच दुसराच कोणीतरी लावेल.

तिसरं काम, सगळे पोर्ट ठरवून टाका. अपलिंक असेल तर ‘मोड ट्रंक’ आणि ‘नोनिगोशिएट’ (म्हणजे ट्रंकची बोलणी बंद), बाकी सगळे ‘मोड अ‍ॅक्सेस’. खोल्यांमधले टीव्हीचे पोर्ट तर आजच. ते डायनॅमिक राहिले तर पाहुण्याच्या खोलीतला लॅपटॉप ट्रंक मागू शकतो, आणि ट्रंक मिळाली की तुमचे सगळे व्हीलॅन त्याच्या पुढ्यात. व्हीटीपी चालू असेल तर खोटी यादीही तिथूनच पाठवता येते.

वेर्ण्याच्या ताईंचं म्हणणं मला मान्य आहे. सगळे स्विच सिस्कोचे, सगळ्यांना व्हर्जन ३ येणारं, साठाच्या घरात संख्या, आणि त्यात एमएसटी, असं असेल तर व्हर्जन ३ योग्यच. पण रिसॉर्टमध्ये वर्षाकाठी व्हीलॅन बदलतात तरी किती? मी तुमच्या कामाला स्क्रिप्ट सुचवीन. लॅपटॉपवर अ‍ॅन्सिबल (एकदा लिहिलेलं कॉन्फिग अनेक स्विचवर चढवणारं साधन) टाका, स्विचची यादी एका फाइलमध्ये, व्हीलॅनची दुसऱ्या. व्हीलॅन, ट्रंकची यादी आणि पोर्ट, तिन्ही त्यातून जातात, जे व्हीटीपीला जमत नाही. फक्त व्हीलॅनच्या मॉड्यूलमध्ये ‘मर्ज्ड’च ठेवा. ‘ओव्हररिडन’ लिहिलंत तर फाइलमध्ये नसलेले व्हीलॅन ते स्विचवरून काढून टाकतं. २९५० एसएसएच (सुरक्षित रिमोट लॉगिन) करतात की नाही ते त्यांच्या सॉफ्टवेअरवर आहे, क्रिप्टोची आवृत्ती नसेल तर ते दोन हातानेच करा.

वेर्णा_शिफ्ट_बी

स्क्रिप्टवर माझा एकच आक्षेप. ती लिहिणारी व्यक्ती नोकरी सोडून गेली की मागच्याला ती उघडायचीही भीती वाटते. व्हर्जन ३ स्विचमध्येच असतं, ‘शो व्हीटीपी स्टेटस’ कोणालाही वाचता येतं. आयटीत दोघंच आहात, तेव्हा स्क्रिप्ट करणार असाल तर सहकाऱ्याला पहिल्या दिवसापासून सोबत बसवा आणि फाइली रिसॉर्टच्याच सर्व्हरवर ठेवा, स्वतःच्या लॅपटॉपवर नको.

काणकोण_कन्सोल

दुसऱ्या कंपनीच्या स्विचचं राहिलंच. व्हीलॅनचा टॅग ८०२.१क्यू हा सर्वांचा आहे, त्यामुळे ट्रंक कोणाशीही जुळते, ती चिंता नको. व्हीलॅन आपोआप कळवण्याचं आयईईईचं प्रमाण म्हणजे आधी जीव्हीआरपी आणि २००७ पासून ८०२.१एके मधलं एमव्हीआरपी. त्याची रीत वेगळी आहे. ते व्हीलॅनची पूर्ण यादी वाटत नाही, ‘मला या ट्रंकवर हा व्हीलॅन हवा’ अशी नोंद शेजाऱ्याकडे करतं, आणि गरज संपली की नोंद निघते. दोन्ही टोकांना ते हवं, आणि कॅटॅलिस्टच्या सगळ्या मॉडेलांवर ते नाही, म्हणून त्याच्या भरवशावर खरेदी करू नका. सहा स्विच स्वस्त पडत असतील आणि तुम्ही सगळं ट्रान्सपरंट ठेवणार असाल तर दुसरी कंपनी चालेल. व्हर्जन ३ करायचं असेल तर चालणार नाही. तेव्हा आधी हे ठरवा, मग कोटेशन मागवा. आणि दुसऱ्या कंपनीच्या स्विचने व्हीटीपी अडतं असंही समजू नका. बऱ्याचदा तो ते निरोप साधा मल्टिकास्ट समजून पुढे ढकलतो, त्याच्या पलीकडे सिस्कोचा स्विच असेल तर त्याला ते मिळतात.

पेडण्याची_नेटवर्कवाली

कोअर ट्रान्सपरंट केला. सातही व्हीलॅन रनिंग-कॉन्फिगमध्ये दिसले, सेव्ह केलं, बॅकअप घेतला. स्टोअरमधल्या २९५० वरची फाइल डिलीट करून रीलोड केला, ट्रान्सपरंट केला, रिव्हिजन ०, चिठ्ठी लावली. सहकाऱ्याला शेजारी बसवूनच केलं.

ब्लॉक अ आणि ब चे खोल्यांतले पोर्ट बघितले, निम्म्याहून जास्त डायनॅमिक ऑटोवर होते. ते आता अ‍ॅक्सेस केले. बाकीचे ब्लॉक या आठवड्यात करते, पाऊस आहे तोवर पाहुणे कमी आहेत. मालकांना सांगितलं की व्हर्जन ३ करत नाही, त्यामुळे नवे सहा स्विच कोणत्याही कंपनीचे चालतील. त्यांनी दोन कोटेशन मागवलीत.

एकच शंका. अ‍ॅन्सिबल पहिल्यांदा चालवताना कोअरवर चालवू की आधी एखाद्या कडेच्या स्विचवर?

फोंडा_फायबर

कडेच्या. तो पंपहाउसचा २९५० नको, २९६०-एक्सच घ्या, लाँड्रीजवळचा एखादा, जिथे गेस्ट नाहीत. आधी ‘चेक’ मोडमध्ये चालवा, म्हणजे काय बदलणार ते नुसतं दाखवेल. मग खरं चालवा, ‘शो व्हीलॅन ब्रीफ’ आणि ‘शो इंटरफेसेस ट्रंक’ ताडून बघा. कोअर सगळ्यात शेवटी, आणि तेव्हा कन्सोल केबल लावलेली असू द्या. व्हीलॅनची फाइल तयार झाली की इथे टाका, पासवर्ड आणि आयपी काढून. मी बघून देतो.